चौदावा दिवस आणि अडीच मैल

रविवार, १४ जुलै २०१३. संध्याकाळचे सात वाजून वीस मिनिटं. तुझ्या बोटीच्या छपरावर बसलो आहे. मोजे जिरेनियमच्या कुंडीवर वाळत घातले आहेत आणि उजव्या हाताच्या फोडाला पट्टी लावून हे पत्र लिहायला घेतलं आहे.

तीर्थरूप बेरिल मावशीला, तुझ्याच घराच्या छपरावरून जेथ्रोचा नमस्कार.

आधी तुझ्या तब्येतीचं. खुब्यातला नवा स्क्रू कसा आहे? रात्री दुखतो का, आणि दुखत असेल तर तू नर्सला सांगतेस का? (सांगत नसणार. तू त्या मोडलेल्या खुब्यानिशी कालव्यातल्या लॉकच्या दारावर बसून आधी चहा संपवलास आणि मग अँब्युलन्स बोलवायला सांगितलीस, हे मला त्या अँब्युलन्सच्या माणसाने स्वतः सांगितलं.) शेजारच्या खाटेवरची बाई अजून झोपेत भजनं म्हणते का? जेली खात जा. मला ठाऊक आहे की तुला ती आवडत नाही, पण मी वाचलं आहे की हाडांना चांगली असते. कुठे वाचलं ते आठवत नाही, म्हणून या मुद्द्यावर मी जोर धरत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुझी बोट, लॅपविंग, सुखरूप आहे. ती दुसऱ्या लॉकच्या वर, दगडी पुलापलीकडे, नियमाप्रमाणे नव्या हद्दीत उभी आहे. हे वाक्य मी मुद्दाम आधी लिहिलं, म्हणजे पुढचं सगळं तू उशीला टेकून निवांत वाचशील. पुढचं जरा लांब आहे.

आजचा दिवस काय होता हे तुला मी सांगायला नको, पण आपल्या दोघांच्या मनात तो सारखाच आहे ना हे एकदा पडताळून पाहतो. एका जागी चौदा दिवस, पंधरावा नाही. ज्याला स्वतःचा कायमचा धक्का नाही त्याने पुढच्या हद्दीत सरकायचं, म्हणजे आपल्या बाबतीत अडीच मैल. तुला दोन नोटिसा आधीच आलेल्या. (दुसऱ्या नोटिशीत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या मी पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवल्या आहेत.) तिसरी आली की परवाना गेला, परवाना गेला की बोट कालव्यातून बाहेर, आणि बोट बाहेर की तू आईने शोधून ठेवलेल्या त्या लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये. आईने त्याचं माहितीपत्रक फ्रिजला चिकटवलं आहे. तू हॉस्पिटलमधून फोनवर म्हणालीस, "जेथ्रो नेईल बोट." त्यावर आई म्हणाली, "आपला जेथ्रो? त्याला सुपरमार्केटमधली ट्रॉली सरळ नेता येत नाही. तो दह्याच्या रांगेत घुसला होता." ते खरं आहे, पण त्या ट्रॉलीचं चाक वाकडं होतं, आणि हे मी त्याच वेळी मॅनेजरला लेखी कळवलं होतं.

तू हॉस्पिटलच्या जेवणाच्या कार्डामागे लिहून पाठवलेल्या सूचना मिळाल्या. त्या सात होत्या. मी त्यांच्या एक्केचाळीस केल्या. (शाळा मी सोळाव्या वर्षी सोडली, पण नर्सरीत तीन वर्षं रोपांच्या पाट्या लिहितो आहे, आणि "पाणी घालावे" एवढ्यावर गिऱ्हाइकाचं भागत नाही, किती, कधी आणि कुठून हे सांगावं लागतं, हा माझा अनुभव आहे.) प्रत्येक सूचनेपुढे एक चौकट आखली, म्हणजे काम झालं की खूण करायची. यादी फळीवर चिकटवली, फळी सुकाणूच्या दांड्याशेजारी टांगली, पेन्सिल दोऱ्याने बांधली. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी इंजिन सुरू केलं. ऊन छान पडलं होतं, पाण्यावर वाऱ्याची सुरकुतीसुद्धा नव्हती. मी दांड्याला हात लावून उभा राहिलो आणि मला एकदम फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

तू नेहमी म्हणतेस की कालव्यात घाई नसते, चालत्या माणसाच्या वेगाने जायचं, त्याहून जास्त नाही. हे मी इतकं मनावर घेतलं होतं की पहिली अकरा मिनिटं मला काही शंकाच आली नाही. इंजिन धडधडत होतं, मागे पाणी घुसळत होतं, डाव्या हाताला कुरणात एक गाय होती. मी तिला हात केला. थोड्या वेळाने पुन्हा एक गाय आली, तशीच, तोंडावर पांढरा डाग असलेली. मला वाटलं, इकडे या जातीच्या बऱ्याच दिसतात. मग काठच्या पायवाटेवरून कुत्रा घेऊन चाललेले एक म्हातारे गृहस्थ माझ्याशेजारी थांबले. त्यांनी बराच वेळ मागच्या दोराकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरा, तुझ्या कामात लुडबूड करायची नाही मला. पण तो खुंटा तू बरोबर नेणार आहेस का?" मागचा दोर सोडायची सूचना क्रमांक नऊ होती. मी आठवरून दहावर गेलो होतो, कारण नऊ आणि दहा या दोन्हींची सुरुवात "दोर" या शब्दाने होते. दोर सोडला. गाय मागे पडली. अगदी हळू, पण पडली.

पहिला दीड मैल मी असा चालवला की तू पाहायला हवी होतीस. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, हे पहिल्या दोन झुडपांनंतर अंगवळणी पडलं. उभ्या असलेल्या बोटींजवळून जाताना वेग कमी करायची रीत मी इतकी पाळली की एका बोटीतले गृहस्थ खिडकीतून म्हणाले, "अहो, जाताय की राहायला येताय?" त्यांच्या खिडकीजवळून मी इतका वेळ जात होतो की तेवढ्यात त्यांचा टोस्ट भाजून झाला आणि त्यांनी मला एक दिलाही. एक बाई बाबागाडी घेऊन मला ओलांडून गेली. मघाचे म्हातारे गृहस्थही मला ओलांडून गेले, आणि परत येताना पुन्हा भेटले. दोन्ही वेळा त्यांनी टोपी काढली. मावशी, खरं सांगतो, मला लहानपणापासून ज्या ज्या गोष्टीत सगळ्यांनी "आवर, आवर" केलं, त्या सगळ्यांची आठवण येऊन मला हसू आलं. इथे सावकाशपणाला मान आहे.

पहिला लॉक, म्हणजे कालव्याची पायरी: दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद, ज्यात पाणी भरलं की बोट वर चढते. यादीतल्या सूचना क्रमांक सोळा ते तीस. मी बोट आत घातली (एकदाच आपटली), खालची दारं लावली, खालच्या झडपा पाडल्या, हँडलने वरच्या झडपा उचलल्या, पाणी आत आलं, बोट वर आली. मी एकट्याने साडेसतरा टन लोखंड सात फूट उचललं होतं आणि त्यात मला फक्त हँडल फिरवावं लागलं होतं. बोट बाहेर काढली, वरचं दार लावलं आणि दोन लॉकांमधल्या त्या छोट्या पट्ट्यात, काठच्या कडीला बांधली. दोन्ही दोर चांगले ताणून, डबल गाठ, आणि गाठीवर गाठ. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. पुढचा लॉक शंभर पावलांवर होता, त्याच्या वर दगडी पूल, पुलापलीकडे नवी हद्द. संध्याकाळ व्हायला अजून अर्धा दिवस होता. फळीकडे पाहिलं तर तीसही चौकटींत खुणा होत्या.

इथे एक कबुली. क्रमांक अठ्ठावीसची खूण, म्हणजे "वरच्या झडपा खाली पाडल्या", ही मी लॉकमध्ये शिरतानाच करून ठेवली होती. पेन्सिल हातात होती, पुढे दोन्ही हात गुंतणार हे ठाऊक होतं, आणि विसरायला नको म्हणून. खूण केलेलं काम झालेलं असतं, अशी माझी तीन वर्षांची सवय आहे.

बोट बांधून झाली तेव्हा मला लॉकच्या खालच्या बाजूला एक हिरवी बोट दिसली. तिच्याजवळ घडीच्या खुर्चीवर बसलेली एक बाई मला हात करत होती. आता तूच मला शिकवलं आहेस की कालव्यावरचा खरा सज्जन माणूस तो, जो खालून येणाऱ्यासाठी लॉक रिकामा करून ठेवतो, म्हणजे त्याला येऊन थांबावं लागत नाही. मी हँडल घेऊन मागे गेलो आणि खालच्या झडपा उचलल्या. पाण्याचा मोठा आवाज झाला. बाईंनी पुन्हा हात केला. मीही केला. त्यांनी दोन्ही हात केले, तेव्हा मीही हँडल खाली ठेवून दोन्ही हात केले. इतक्या अगत्याने माझ्याशी यापूर्वी कोणी वागलं नव्हतं.

लॉकमधलं पाणी निम्म्यावर आलं आणि तिथेच थांबलं. मला वाटलं, जुनं बांधकाम आहे, वेळ लागत असेल. मी दारावर बसून मांसाचं सारण भरलेला पोर्क पाय खाल्ला. वहीत नोंदी केल्या: बारा चाळीस, निम्मं. बारा पन्नास, निम्मं. एक वाजता, निम्मं, पण आवाज चांगला. (वरच्या उघड्या झडपांतून जेवढं पाणी आत येत होतं तेवढंच खालून बाहेर जात होतं, आणि अशा रीतीने मी तो सगळा पट्टा शांतपणे खालच्या कालव्यात ओतत होतो. हे तुला हे पत्र वाचताना पाच ओळी आधीच कळलं असेल. मला ते मागे काचसामान फुटल्याचा आवाज आला तेव्हा कळलं.)

वळून पाहिलं तर लॅपविंग काठाला लटकली होती, मावशी. पाणी खाली गेलं होतं, पण माझ्या गाठी सुटल्या नव्हत्या. बोटीची एक बाजू दोरांवर वर टांगलेली, दुसरी चिखलात रुतलेली, आणि जिरेनियमची एक कुंडी छपरावरून हळूहळू, काही घाई नसल्यासारखी, घसरत चाललेली. ती मी पकडली. एवढंच मला पकडता आलं.

ती हात करणारी बाई तोवर टेकाड चढून आली. तिचं नाव थर्झा. मागे तिचा नवरा मॉरिस, गळ्यात नॅपकिन तसाच. थर्झाकाकूंनी माझ्या हातातलं हँडल घेतलं, वरच्या झडपा खाडकन पाडल्या, दोर पायाने दाबून इतक्या बेताने ढिले केले की बोट हुंदका दिल्यासारखी खाली बसली, आणि मग म्हणाल्या, "अरे बाळा, आम्ही जेवायला बसलोय. आम्हाला वर यायचंच नाहीये. आम्ही काल वरूनच आलो."

मी म्हटलं, "मग तुम्ही हात का करत होतात?"

"रिकामा करू नकोस म्हणून."

"दोन्ही हात?"

"ते तू ऐकेनास म्हणून."

मॉरिसकाका रिकाम्या पट्ट्याकडे पाहत घास चावत म्हणाले, "पोरगं मनाचं चांगलं आहे गं. फक्त सगळा कालवा आपल्या ताटात वाढतंय."

वरच्या कालव्यातून पाणी सोडून पट्टा भरता येतो, पण ते कालवा खात्याच्या माणसाला विचारल्याशिवाय करायचं नाही. बेतशीर सोडलं नाही तर वरच्या बोटी चिखलात बसतात आणि तिथले लोक हँडलं घेऊन खाली येतात, असं थर्झाकाकू म्हणाल्या. खात्याला फोन लावला. रविवार असल्यामुळे एक यंत्र बोललं. मी त्याने सांगितलेले सगळे आकडे दाबले आणि शेवटी मला नौकाविहाराचं माहितीपत्रक घरपोच पाठवण्याचं आश्वासन मिळालं. मग थर्झाकाकूंनी चहा केला. दोन वाजले, तीन वाजले. मी चिखलाकडे बघत होतो आणि मला फ्रिजवरचं ते लिफ्टचं चित्र दिसत होतं. मॉरिसकाकांना मी नोटिशीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "खात्याचा तपासनीस पिंचबेक असेल. सहाला फेरी मारतो. चिखलातली बोटसुद्धा लिहितो तो. एकदा त्याने स्वतःच्या मेव्हण्याला लिहिलं."

पावणेचार वाजता, खालच्या कालव्यात एकदम पाणी का वाढलं ते पाहायला, पिंचबेक साहेब आले. सायकलवरून, पँटला चिमटे, छातीशी वही. तू त्यांना ओळखतेसच, त्यामुळे मिशीचं वर्णन करत नाही. त्यांनी चिखल पाहिला, बोट पाहिली, बोटीचा नंबर पाहिला.

"हे कुणाचं काम?"

"माझं, साहेब," मी म्हणालो. "वरच्या झडपा उघड्या ठेवून मी खालच्या उचलल्या. बारा पंचवीसला. माझ्याकडे नोंदी आहेत."

त्यांनी माझी वही घेऊन वाचली. "निम्मं, पण आवाज चांगला," असं त्यांनी मोठ्याने वाचलं आणि वही परत दिली. म्हणाले, "बावीस वर्षांत कबूल करणारा तू पहिला. बाकी सगळ्यांच्या वेळी पाणी आपोआप जातं." मग मी त्यांना चौदाव्या दिवसाचं विचारलं. आज बोट सरकली आहे, अडीच मैलांतले जवळपास सगळे झाले आहेत, हे धरता येईल का? ते म्हणाले, "मी काही धरत नाही आणि सोडत नाही. सहाच्या फेरीत बोट मला जिथे दिसते तिथे ती आहे. पुलाच्या अलीकडे दिसली तर अलीकडे."

पण रिकामा पट्टा पाहणं त्यांना सहन होत नाही, हे मला दिसलं. त्यांनी कोट काढून घडी घालून ठेवला, वरच्या लॉकवर गेले आणि झडपा दातेरी पट्टीच्या चार दातांइतक्याच उचलल्या. वरून पाणी आलं, पण एखाद्या आजाऱ्याला चमच्याने पाजावं तसं. मी विचारलं, जरा जास्त सोडता येईल का. ते म्हणाले, "वर अकरा बोटी आहेत. तुझ्या मावशीच्या एकटीसाठी मी अकरा जणांचा चहा सांडणार नाही." मग तेही खुर्ची घेऊन बसले आणि आम्ही चौघं चिखल भिजताना पाहत राहिलो. इतकं सावकाश काही भरताना मी आयुष्यात पाहिलं नाही. पाच वाजता चिखल झाकला. पाच पंचवीसला बोट हलली. पाच अडतीसला ती सरळ उभी राहिली आणि आतून उरलेली बशी पडली.

लॉकला वीस मिनिटं तरी लागतात. थर्झाकाकू दारं ढकलायला आल्या. साहेब मात्र हात पाठीमागे बांधून उभे राहिले, कारण ज्या बोटीची नोंद करायची तिला मदत करायची नाही, असा त्यांचा स्वतःचा नियम आहे. पण ते समोरच्या झाडांकडे पाहून बोलत होते. "काही लोक बोट मागच्या दारापासून पुढे घेतात, म्हणजे सुकाणू अडकत नाही," असं ते एका एल्मच्या झाडाला म्हणाले. मी बोट पुढे घेतली. "काही लोक खालच्या झडपा हाताने चाचपून बघतात. कागदावरच्या खुणेवर विसंबत नाहीत." मी फळी उलटी करून ठेवली आणि झडपा हाताने चाचपल्या. एक अर्धी वर होती.

सहाला चार मिनिटं कमी असताना बोट लॉकमध्ये निम्म्यावर आली होती आणि पिंचबेक साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग ते म्हणाले, "माझी सायकल खालच्या लॉकपाशी राहिली. फेरी मी सायकलवरून करतो." आणि ते सायकल आणायला निघाले.

मावशी, त्या माणसाने बावीस वर्षं सगळ्या बोटींना चालत्या माणसाच्या वेगाने जा म्हणून सांगितलं आहे, पण तो वेग किती कमी होऊ शकतो हे मला आज कळलं. शंभर पावलं. ते प्रत्येक पावलाला थांबून काठाची बांधणी पाहत होते. एका ठिकाणी त्यांनी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग दुसऱ्या बुटाची. सायकलपाशी पोचल्यावर त्यांनी दोन्ही चाकांतली हवा तपासली आणि पुढच्या चाकात थोडी भरली. मॉरिसकाका म्हणाले, "आता घंटीला तेल घालेल बघ." त्यांनी घंटी पुसली. थर्झाकाकू आणि मी वरचं दार उघडलं, मी उडी मारून दांडा धरला (मोजे तेव्हा भिजले, उडी थोडी कमी पडली), आणि लॅपविंग पुलाखालून गेली, कुठेही न आपटता, आणि पलीकडे पहिल्या खुंट्यापाशी उभी राहिली. एकच गाठ मारली, ढिली. तेवढ्यात सायकल आली. साहेबांनी पूल पाहिला, बोट पाहिली, घड्याळ पाहिलं नाही, आणि वहीत लिहिलं. मी डोकावलो. "लॅपविंग. वरची हद्द. उद्या पहिला दिवस."

थर्झाकाकूंनी रात्रीसाठी उकडलेले बटाटे आणि हॅम दिलं आहे. पाणी आता अगदी स्थिर आहे आणि मी एकटा असूनही मला कशाची भीती वाटत नाही, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. सांभाळून राहा. जेली खा.

तुझा,
जेथ्रो

ता. क. पट्टा रिकामा केल्याबद्दल एक वेगळं पत्र तुझ्या नावाने येईल. ते साहेबांना लिहावंच लागतं. कारणाच्या रकान्यात "अज्ञान" लिहू की "अतिसौजन्य", असं त्यांनी मला विचारलं. मी दुसरं निवडलं. घाबरू नकोस, त्यावर परवाना जात नाही.

ता. क. २. निळ्या फुलांच्या कपबशांच्या संचातले दोन कप आणि किटलीचं झाकण वाचलं आहे. किटलीचं विचारू नकोस.

ता. क. ३. पुढचे चौदावे दिवस मी काढून ठेवले आहेत: २८ जुलै, ११ ऑगस्ट, २५ ऑगस्ट, ८ सप्टेंबर. डॉक्टर सहा आठवडे म्हणतात, मी आठ धरतो आहे. हाड नीट जुळू दे, त्याला घाईचं काम नाही. आईने दुपारीच माझ्या खोलीत शिवणयंत्र मांडलं आहे, कारण आज सकाळी निघताना मी माझी गादी, इस्त्री आणि शब्दकोश बरोबर आणला, आणि हे वर कुठे लिहायचं राहून गेलं.

ता. क. ४. बुधवारी भेटण्याच्या वेळेत पिंचबेक साहेब तुझ्याकडे एक फॉर्म घेऊन येतील. मालकाच्या गैरहजेरीत बोट कोण चालवणार, असा त्यात रकाना आहे. तिथे माझं नाव मी शाईने लिहिलं आहे. तू फक्त सही कर. आणि आईने विचारलं तर सांग, की सही करताना तू पूर्ण शुद्धीवर होतीस.